समासातली नोंद
(गोवा आणि पोर्तुगाल यांचा कुटुंब-वारसा कायदा शेजारी ठेवून वाचताना: निवेदन)

[दृश्य: टेबलावर उघडी वही, ओळीवरून सरकणारं बोट]

ही विवाहनोंदणीची वही. शाई तपकिरी पडलीय, भाषा पोर्तुगीज. साल आकड्यांत शोधू नका, ते अक्षरी लिहिलंय: मिल नोव्हसेंतुश इ त्रिंता इ दोइश. म्हणजे १९३२. आडनावं आपलीच, पण चटकन ओळख देत नाहीत. कामोतिं म्हणजे कामत, सिनाय म्हणजे शेणवी. एक्स हे अक्षर दिसलं की 'श' वाचायचा.

विद्यार्थी मधला मजकूर वाचतो आणि पान उलटतो. चूक होते ती तिथेच. समासाकडे बघा. ही बारीक अक्षरातली आडवीतिडवी ओळ म्हणजे अव्हेर्बामेंतु, मागाहून केलेली नोंद. घटस्फोट, नावातली दुरुस्ती, सगळं इथे सापडतं. हा समास इंग्रजी भाषांतरात सुटू शकतो. तो वाचायला साहित्याची पोर्तुगीज लागत नाही. आकडे, महिने, नात्यांचे शब्द आणि नेहमीची क्रियापदं आली की काम भागतं.

[दृश्य: जुनी पोर्तुगीज नागरी संहिता, कलम १०९८]

लग्नाआधी करार केला नसेल तर लग्न 'राज्याच्या रिवाजाप्रमाणे' झालं असं धरावं, असं हे कलम सांगतं. तो रिवाज कोणता, ते कलम ११०८ मध्ये आहे: दोघांची लग्नाआधीची आणि नंतरची मिळकत एकत्र, प्रत्येकाचा निम्मा हिस्सा. पोर्तुगालचा राजा १९१० मध्ये गेला. गोव्यातल्या लग्नांना त्याच्या राज्याचा रिवाज अजून लागू आहे.

संहिता १८६७ ची. गोव्यात ती १ जुलै १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतर संसदेच्या १९६२ च्या कायद्याने चालू राहिली. पोर्तुगालने मात्र ती स्वतःच मोडीत काढली. तिथली नवी संहिता १ जून १९६७ पासून आहे. म्हणून लिस्बनचं आजचं कलम उचलून गोव्याच्या प्रकरणात चिकटवलं की घोळ होतो. क्रमांक जुळत नाही आणि आशयही नाही.

[दृश्य: फळा, खडूने तीन रकाने]

कलमाशेजारी कलम ठेवून तुलना होत नाही. एकच घर घ्या आणि ते प्रत्येक कायद्यातून चालवा. नवऱ्याने लग्नानंतर स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर, किंमत १ कोटी २० लाख. लग्नाआधीचा करार नाही, मृत्युपत्र नाही, नवऱ्याचे आईवडील हयात नाहीत. मागे बायको आणि तीन मुलं.

गोवा: ६० लाख बायकोचेच, ते वारशात येत नाहीत. उरलेल्या ६० लाखांचे मुलांना प्रत्येकी २० लाख.

पोर्तुगाल, आज: बायकोचे ६० लाख तसेच. पण १९७७ च्या सुधारणेने ती मुलांच्या बरोबरीने वारसही झाली. उरलेल्या ६० लाखांचे चार भाग, प्रत्येकी १५. तिच्या हाती ७५ लाख.

पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या बांद्यात या. हिंदू कुटुंब, १९५६ चा हिंदू वारसा कायदा. घर एकट्या नवऱ्याचं, म्हणून चौघांना ३०-३० लाख.

आता मृत्युपत्र घाला. पुतण्याला जास्तीत जास्त किती देता येईल? गोव्यात ३० लाख (नवऱ्याच्या ६० चा निम्मा), पोर्तुगालमध्ये २० लाख (त्याच ६० चा तिसरा हिस्सा), बांद्यात सगळंच्या सगळं घर. फरक खरा कळतो तो या ओळीवर.

[दृश्य: मालमत्तेची टंकलिखित यादी, शेवटी सह्या]

घरात वाटणी जमली नाही तर गोव्यात इन्व्हेंटरी, म्हणजे न्यायालयातली वाटणीची प्रक्रिया. काबेसा द काझाल, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहणारी व्यक्ती, शपथेवर वारस, मिळकती आणि कर्जांची यादी देते. मोल ठरतं. मग लिसितासांव: वारसांनी आपापसात लावलेली बोली. ज्याची बोली वरची त्याला ती वस्तू. त्याच्या हिश्श्याहून जे जास्त होईल ते त्याने बाकीच्यांना रोखीने भरायचं. हमखास अडतं ते यादीपाशी. वारस लिहिले जातात, जावई आणि सुना राहून जातात. मिळकत एकत्र असल्याने तेही हितसंबंधी. नोटिसा पुन्हा काढाव्या लागतात. पोर्तुगालने हीच प्रक्रिया २०१३ मध्ये नोटरींकडे सोपवली आणि २०२० पासून न्यायालयांची दारं तिला पुन्हा उघडली. कार्यपद्धतीचा अभ्यास करणाऱ्याने हा फेरा सोडू नये.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका मिळकतीच्या वादात ठरवलं: गोव्याचा अधिवास असेल, तर गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही हाच वारसाकायदा.

[दृश्य: पुन्हा वही; शेजारी कोरा तक्ता]

तक्ता आखताना पहिला रकाना लग्नाची तारीख आणि ठिकाण. दुसरा मृत्यूची तारीख. कलम तिसऱ्यात. मृत्यू डिसेंबर २०१६ च्या अखेरीनंतरचा असेल तर वारशासाठी गोव्याचा २०१२ चा कायदा उघडायचा; नवरा-बायकोच्या मिळकतीसाठी पुन्हा ही जुनी संहिता, आणि तिच्याआधी हा समास.