सातबाऱ्यापर्यंत न पोचलेला नकाशा

(पडद्यावर: राजपत्राचे पान. गावांच्या नावांची लांबलचक यादी सावकाश वर सरकते.)

पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्याला गावांची एक यादी जोडलेली आहे. जिल्हा, तालुका, गाव असा तिचा क्रम आहे. आपल्या गावाचे नाव या यादीत असेल, तर अधिसूचना अंतिम झाल्यावर तिथे नवी खाण सुरू होणार नाही, लाल वर्गातला, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या वर्गातला नवा कारखाना उभा राहणार नाही आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठे बांधकाम करता येणार नाही. एवढे यादी वाचून आणि सोबतची कलमे पाहून समजते. मात्र हे गाव यादीत आले आणि ओढ्यापलीकडचे आले नाही, याचे कारण कोणते, हा गावकऱ्याच्या मनात पहिला येणारा प्रश्न यादीपाशी अनुत्तरितच राहतो.

हा मसुदा आतापर्यंत सहा वेळा निघाला. पहिला १० मार्च २०१४ रोजी आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी, म्हणजे केरळच्या वायनाडमधील मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे दरडीखाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. इतक्या वर्षांत खाणमालक, बागायतदार, पर्यावरणवादी, आमदार आणि मंत्री या सर्वांनी आपापली बाजू हिरिरीने मांडली. आम्ही मात्र या चित्रफितीत बाजू तपासायला निघालेलो नाही. ज्या माहितीच्या आधारावर हा नियम उभा राहायचा आहे, ती माहिती कशी तयार झाली, कोणाच्या हाती केव्हा पडली आणि ती पडताळून पाहण्याची सोय कोणाला होती, एवढाच आमचा शोध आहे.

(पडद्यावर: पावसातला घाट, धुक्यात बुडालेली दरी.)

तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,५०० किलोमीटर पसरलेल्या या डोंगररांगेचा अभ्यास करण्यासाठी मार्च २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या काळात एक तज्ज्ञ गट नेमला गेला. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्याचे अध्यक्ष. गटाने संपूर्ण घाटाचे सुमारे ९ किलोमीटर लांब-रुंद असे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाला उंची, उतार, वनस्पती, दुर्मीळ प्रजाती अशा निकषांवर गुण दिले आणि त्यांवरून संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या सुचवल्या. अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी मंत्रालयाला सादर झाला, आणि तिथेच तो थांबला.

केरळमधील एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली अहवालाची प्रत मागितली. मंत्रालयाने नकार दिला. अहवाल अजून अंतिम नाही, राज्यांशी विचारविनिमय व्हायचा आहे आणि तो उघड झाल्यास देशाच्या वैज्ञानिक व आर्थिक हिताला बाधा येईल, असा मंत्रालयाचा युक्तिवाद होता. सरकारी पैशांतून, सरकारनेच नेमलेल्या गटाने, सरकारच्याच धोरणासाठी लिहिलेला अहवाल ज्यांच्या जमिनीविषयी आहे त्यांनी वाचल्याने देशाचे कोणते आर्थिक हित बुडते, हे समजून घेण्याचा आम्ही प्रामाणिक प्रयत्न केला आणि त्यात आम्हाला यश आले नाही. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात न्यायालयाने मंत्रालयाची याचिका फेटाळली आणि त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला. हा अहवाल मंत्रालयाने औपचारिकरीत्या स्वीकारलेला नाही, अशी सूचना त्यासोबत होती.

खरे तर या वादाची गरजच नव्हती. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये दोन उपकलमे आहेत, ज्यांचा उल्लेख क्वचितच होतो. लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यांच्याशी संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, असे ४(१)(ग) सांगते. प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत, असे ४(१)(घ) सांगते. या दोन्हींसाठी कोणी अर्ज करण्याची वाट पाहायची नसते. अर्जावर मिळणारी माहिती हा या कायद्याचा दुसरा भाग आहे, पहिला भाग न मागता द्यायच्या माहितीचा आहे, आणि आपल्याकडे कायदा दुसऱ्या भागापासून वाचण्याची सवय पडली आहे.

(पडद्यावर: ग्रामपंचायतीची इमारत. ओसरीत बसलेली माणसे.)

ऑगस्ट २०११ ते मे २०१२ हे जवळपास नऊ महिने वाया गेले, असे म्हणणे पुरेसे नाही, कारण त्या काळात अहवालाची जागा ऐकीव गोष्टींनी घेतली. शेती बंद होणार, जमीन विकता येणार नाही, घराची कौलेसुद्धा परवानगीशिवाय बदलता येणार नाहीत, असे गावोगाव बोलले जाऊ लागले. खुद्द गटाची भूमिका अशी होती की चौकोनांवरून ठरवलेल्या पायऱ्या तात्पुरत्या आहेत, त्यांची अंतिम आखणी ग्रामसभांशी बोलून व्हावी आणि त्यासाठी अहवाल स्थानिक भाषांत लोकांपर्यंत पोचावा. संकेतस्थळावर आला तो इंग्रजी अहवाल. अफवा मात्र मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये आणि मल्याळममध्ये आधीच पोचल्या होत्या.

यानंतर मागवलेल्या अभिप्रायांपैकी मंत्रालयाकडे १,७५० प्रतिसाद आले आणि त्यांतील ८१ टक्के शिफारशींच्या विरोधात होते, अशी नोंद पुढच्या गटाच्या अहवालात आहे. हा आकडा अनेकदा लोकमत म्हणून पुढे केला जातो. घाटातील लोकसंख्या कोट्यवधींची आहे, अहवाल इंग्रजीत होता आणि मुदत थोडी होती. अशा परिस्थितीत कोणाला उत्तर देणे जमले आणि कोणाला नाही, हे कळल्याशिवाय ८१ टक्क्यांचा अर्थ लावता येत नाही. दुसरीकडे गाडगीळ अहवालात अशी नोंद आहे की सिंधुदुर्ग जिल्ह्यातील २५ ग्रामसभांनी आपले गाव संवेदनशील क्षेत्रात घ्यावे असे ठराव केले होते. एका बाजूला १,७५० प्रतिसाद, दुसऱ्या बाजूला २५ ठराव. ही दोन वेगवेगळ्या मापांची माहिती आहे, आणि ती एकाच तराजूत टाकायची असेल तर वजने कोणती वापरली हे आधी सांगावे लागते.

(पडद्यावर: उपग्रहाने टिपलेले चित्र. ते मोठे होत जाते आणि रंगीत चौकटी दिसू लागतात.)

ऑगस्ट २०१२ मध्ये अवकाश शास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. एप्रिल २०१३ मध्ये त्याने अहवाल दिला. या गटाने ९ किलोमीटरचे चौकोन सोडून दिले, आणि आमच्या मते ते योग्य केले. गाडगीळ गटाच्या एका चौकोनात ८० चौरस किलोमीटरच्या आसपास भूभाग येतो. त्यात पाच-सात गावे सहज मावतात आणि चौकोनाची रेघ एखाद्या वाडीच्या मधूनही जाते. कस्तुरीरंगन गटाने गाव हे एकक धरले आणि उपग्रहाची चित्रे वापरली, ज्यांतील एक ठिपका जमिनीवर सुमारे २४ मीटर लांब-रुंद असतो. गुंठ्यांच्या भाषेत तो पावणेसहा गुंठ्यांच्या आसपास होतो. शेतकऱ्याला हे माप लगेच समजते, म्हणून ते इथे मुद्दाम सांगितले.

पावणेसहा गुंठ्यांचा ठिपका ही बारीक नजर आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. आंब्या-काजूची जुनी दाट बाग आणि विरळ झालेले रान वरून पाहताना कधी सारखेच हिरवे दिसते. याच्या उलट कोकणातील कातळसडे, म्हणजे खडकाळ पठारे. उन्हाळ्यात ते काळेकुट्ट आणि उजाड असतात, महसुली दप्तरात त्यांची नोंद पोटखराबा किंवा पडीक अशी होते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्यावर इतरत्र कुठेही न आढळणाऱ्या वनस्पती फुलतात. दप्तर आणि उपग्रह या दोघांनाही जे दिसत नाही, ते त्या सड्यावर गुरे नेणाऱ्या माणसाला दिसते. त्याची साक्ष घ्यायची असेल तर आधी नकाशा त्याच्या हातात द्यावा लागतो.

त्यातच गटाने एक रेषा ठरवली. गावातील २० टक्के किंवा त्याहून अधिक क्षेत्र नैसर्गिक भूदृश्यात, म्हणजे वस्ती, शेती आणि मळे सोडून उरणाऱ्या रानात मोडत असेल, तर ते गाव यादीत घ्यायचे. अशा रीतीने सहा राज्यांतील ४,१५६ गावे आणि सुमारे ५९,९४० चौरस किलोमीटर क्षेत्र निश्चित झाले. महाराष्ट्रातील गावे २,१५९, म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि गोव्यातील ९९. कुठेतरी रेषा आखावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण २१ टक्क्यांचे गाव आत आणि १९ टक्क्यांचे बाहेर असा निर्णय होतो, तेव्हा त्या गावाचा आकडा किती आणि तो कोणत्या ठिपक्यांची बेरीज आहे, हे राजपत्रातल्या नावाशेजारीच छापले गेले असते, तर हरकत घेणाऱ्याला नेमकी हरकत घेता आली असती. आज तो फार तर "आमचे गाव वगळा" एवढेच लिहू शकतो, आणि अशा मागणीला उत्तरही "वगळता येत नाही" एवढेच मिळू शकते.

(पडद्यावर: कागदावर हाताने केलेली बेरीज.)

नेमकी हरकत घेतली तर काय होते, याचे उदाहरण मात्र या प्रकरणातच आहे. केरळ सरकारने एक समिती नेमून गावोगाव प्रत्यक्ष पाहणी केली आणि भूमापन नकाशांवर वस्ती, शेती आणि मळे वेगळे काढले. केरळच्या वाट्याचे क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३.७ चौरस किलोमीटरवर आले. आता मसुद्यातले आकडे पाहा. गुजरात ४४९, महाराष्ट्र १७,३४०, गोवा १,४६१, कर्नाटक २०,६६८, तमिळनाडू ६,९१४ आणि केरळ ९,९९३.७. बेरीज ५६,८२५.७ चौरस किलोमीटर. मूळ ५९,९४० मधून हा आकडा वजा केला की ३,११४.३ उरतात, आणि केरळमध्ये झालेली घटही दशांशापर्यंत तेवढीच आहे. म्हणजे सहा राज्यांपैकी एका राज्याने जमिनीवर जाऊन पडताळणी केली आणि मसुद्यात बदल झाला तो तेवढ्यापुरताच. केरळने वगळलेले सगळेच क्षेत्र वगळण्याजोगे होते का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते असणे योग्यच आहे. परंतु तो वाद निदान गट नंबर आणि नकाशा समोर ठेवून करता येतो. महाराष्ट्राचे १७,३४० सहाव्या मसुद्यापर्यंत १७,३४०च राहिले आणि आपल्याकडचा वाद विकास विरुद्ध पर्यावरण या शब्दांच्या पुढे फारसा सरकला नाही.

प्रत्येक मसुद्यावर हरकती व सूचनांसाठी ६० दिवस दिले गेले. आलेल्या हरकतींपैकी कोणती मान्य झाली, कोणती नाकारली आणि का, याचा गावनिहाय तपशील मिळाला असता, तर पुढच्या मसुद्यावरची चर्चा तिथून सुरू झाली असती. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने कायदेपूर्व विचारविनिमयाचे एक धोरण ठरवले. कायदा असो वा नियम, मसुदा किमान ३० दिवस खुला ठेवावा, सोबत सोप्या भाषेत स्पष्टीकरण, आर्थिक भार आणि पर्यावरणावर व बाधित लोकांवर होणारा परिणाम द्यावा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करावा, असे ते सांगते. धोरण चांगले आहे. त्याला कायद्याचे बळ नाही, आणि ते पाळले नाही म्हणून कोणाचे काही अडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव एका वेगळ्याच प्रकरणात हेरली. दूरध्वनी संभाषण मध्येच तुटले तर ग्राहकाला प्रत्येक वेळी एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम दूरसंचार नियामकाने केला होता. ग्राहक म्हणून आम्हाला तो आवडलाच होता. मे २०१६ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. नियमामागच्या तांत्रिक माहितीतून असा भार कंपन्यांवर टाकण्याचे कारण सिद्ध होत नव्हते आणि कंपन्यांच्या म्हणण्याला सकारण उत्तर मिळाले नव्हते, असे न्यायालयाला दिसले. दूरसंचार नियामकावर पारदर्शकतेचे बंधन त्याच्या स्वतःच्या कायद्यातच आहे. सर्वच दुय्यम विधिविधानासाठी, म्हणजे कायद्याच्या आधारे सरकार किंवा नियामक करतात त्या नियमांसाठी, मसुदा, हरकती आणि सकारण उत्तर यांची सक्ती करणारा कायदा संसदेने करावा, अशी शिफारस त्या निकालात आहे.

भाषेचा मुद्दाही न्यायालयातच गेला. २०२० साली पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर होणारा परिणाम आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा हिंदी आणि इंग्रजीत निघाला, तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. केंद्र सरकारने त्याला आव्हान दिले. तो मसुदा पुढे अंतिम झालाच नाही.

(पडद्यावर: सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील दाट झाडी. मध्येच रबराच्या लागवडीसाठी मोकळा केलेला डोंगर.)

ज्या सिंधुदुर्गातील २५ गावांचे ठराव गाडगीळ अहवालात नोंदले गेले, ती सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील आहेत. या पट्ट्यातून वाघ आणि हत्ती कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात ये-जा करतात. याच पट्ट्यासाठी जनहित याचिका झाली, २०१३ मध्ये वृक्षतोडीवर न्यायालयाने बंदी घातली आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्राला संवेदनशील क्षेत्राचा निर्णय चार महिन्यांत घेण्यास सांगितले. ग्रामसभेचा ठराव, सरकारी अहवालातील त्याची नोंद आणि न्यायालयाचा आदेश, असा तिहेरी आधार असलेली ही माहिती आहे. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्रापुढे १७,३४० हाच आकडा पुन्हा छापला गेला आणि हरकतींसाठी पुन्हा ६० दिवस देण्यात आले.