चिपवरचं आतडं

(दृश्य : सकाळ, नाशिक. मिसळीवर तर्री पडते आहे. शेजारी दह्याची वाटी.)

मिसळ पोटात गेली की आपलं काम संपलं. पुढे आतड्यातल्या जिवाणूंचं सुरू होतं. शरीरात जितक्या पेशी, साधारण तितकेच जिवाणू, आणि त्यातले बहुतेक मुक्कामाला मोठ्या आतड्यात. तिथल्या भिंतीशी त्यांचं नेमकं काय चालतं, हे बघायचं कसं?

(दृश्य : नाशिकमधल्या एका कॉलेजची सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब.)

ही दह्यातल्या जिवाणूंची पेट्री डिश, म्हणजे जिवाणू वाढवायची झाकणाची चपटी बशी. झाकण उचललं की आंबूस वास येतो. परवा ओढलेल्या रेघांवर आज बारीक पांढुरके ठिपके दिसतात. एकेका ठिपक्यात लाखो जिवाणू.

आता अशाच डिशमध्ये आतड्याच्या पेशी वाढवून त्यांच्या सोबतीला जिवाणू सोडले तर? पेशीला दुप्पट व्हायला दिवस जातो. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूला, खाणंपिणं नीट असेल तर, वीस मिनिटं पुरतात! साचलेल्या द्रवात जिवाणू माजतात आणि पेशी एक-दोन दिवसांत मान टाकतात.

आतड्यात मात्र काही साचून राहत नाही. तिथे सतत प्रवाह असतो, आकुंचन-प्रसरण असतं. २०१२ मध्ये हार्वर्डच्या विस इन्स्टिट्यूटमध्ये डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच चिपमध्ये आणलं.

(दृश्य : चिपचं रेखाचित्र.)

पेनड्राइव्हएवढा पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा. आत दोन अरुंद वाहिन्या, मध्ये सच्छिद्र पडदा, पडद्यावर पेशी. वरून तासाला ३० मायक्रोलिटर द्रव, म्हणजे थेंबभरसुद्धा नाही. बाजूच्या पोकळ्यांतली हवा ओढली की पडदा ताणला जातो, सोडली की सैलावतो. साधारण सात सेकंदांतून एकदा. एवढ्यावर पेशींनी आपणहून घड्या घातल्या, खऱ्या आतड्यात असतात तशा. लॅक्टोबॅसिलस जिवाणू त्यांच्यासोबत आठवड्याहून जास्त नांदले.

अडचण होती प्राणवायूची. आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंना तो सोसत नाही, पेशींना मात्र तो हवाच. २०१९ मध्ये याच संस्थेतल्या चमूने पेशींना खालून प्राणवायू दिला, वरचा भाग जवळपास प्राणवायूविनाच ठेवला. माणसाच्या विष्ठेतून घेतलेले २०० हून अधिक प्रकारचे जिवाणू तिथे किमान पाच दिवस टिकले.

तरी हुरळून जायला नको. २०१२ च्या चिपमधल्या पेशी आतड्याच्या कॅन्सरमधून आलेल्या होत्या. शिवाय भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला जिवाणू पाश्चात्त्यांपेक्षा बऱ्याचदा जास्त आढळतात. तिकडच्या चिपवर तपासून लागू पडलेलं औषध नाशिककरालाही मानवेल का, हे बघायचं तर चिपमध्ये इथल्याच माणसांच्या पेशी आणि इथलेच जिवाणू घालावे लागतील.