पराग फुटतो तेव्हा

[दृश्य: मेलबर्नबाहेरची कुरणं. पिवळं पडू लागलेलं गवत, जोराचा वारा.]

सोमवार, २१ नोव्हेंबर २०१६. ऑस्ट्रेलियात वसंत सरत आलेला. मेलबर्नचा पारा पस्तिशीला टेकलाय आणि उत्तरेकडून कोरडा वारा सुटलाय. शहराबाहेरच्या कुरणांत रायग्रास नावाचं गवत ऐन फुलोऱ्यात आहे. वारा त्याचा पराग उचलतो आणि शहरात आणून सोडतो. हवेच्या एका घनमीटरमध्ये शंभरावर परागकण. तिथल्या मोजणीत ही सर्वांत वरची पातळी.

तसं यात नवल काही नव्हतं. दर वर्षी या दिवसांत तिथे शिंकांचा हंगामच असतो. नाक गळतं, डोळे चुरचुरतात. ‘हे फीव्हर’ म्हणतात त्याला, म्हणजे परागाची ॲलर्जी. वैताग येतो, पण सहसा जिवावर बेतत नाही, कारण रायग्रासचा परागकण साधारण ३५ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो नाकातच अडकतो, छातीत खोल जात नाही. शिवाय वजनाला जड. वारा पडला की सेकंदाला काही सेंटीमीटर या वेगानं खाली बसतो.

संध्याकाळी पश्चिमेकडून गडगडाटी वादळ शहरात शिरलं.

[दृश्य: काळवंडलेलं आभाळ. रस्त्यावर अँब्युलन्सचे दिवे.]

पुढच्या ३० तासांत, श्वास लागतोय म्हणून, नेहमीपेक्षा सुमारे ३,४०० जास्त माणसं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत पोहोचली. अँब्युलन्स पुरेनात. १० जणांचा जीव गेला. आणि आलेल्यांपैकी अनेकांना त्याआधी कधी दम्याचा त्रासच नव्हता.

वादळी ढग उभा राहतो तो खालची गरम हवा ओढून घेत. तिच्यासोबत परागही वर जातो. ओलावा लागला की परागकण पाणी शोषतो, फुगतो आणि फुटतो. रायग्रासच्या एका कणात स्टार्चचे सुमारे ७०० सूक्ष्म कण असतात, ०.६ ते २.५ मायक्रॉनचे. ॲलर्जी आणणारं प्रथिन नेमकं यांच्यासोबत असतं. नाकानं अडवावं इतके हे मोठे नाहीत. ते थेट श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत जातात.

मग ढगातून थंड, जड हवा खाली कोसळते आणि बादली फरशीवर ओतावी तशी जमिनीलगत चहूकडे पसरते. वादळाच्या तोंडाशी येणारा गार वारा तो हाच. पराग नक्की कुठे फुटतो, ढगात की जमिनीजवळच्या दमट हवेत, यावर अजून अभ्यास चालू आहे. पण हा वारा सगळा ऐवज माणसाच्या नाकाच्या उंचीवर आणून सोडतो, एवढं नक्की.

आता आपल्या लोकांची गोष्ट. बाधितांमध्ये भारतीय आणि आग्नेय आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाण लक्षणीय होतं. मेलबर्नच्या पश्चिमेला टारनेटसारख्या उपनगरांत भारतीयांची मोठी वस्ती आहे. यांच्यापैकी बरेच जण मायदेशी कधी शिंकलेलेही नसतात. तिथे काही वर्षं काढली की गवताची ॲलर्जी जडते. त्यात आपली वळवाची सवय. दिवसभराच्या उकाड्यानंतर गार वारा सुटला की आपण खिडक्या सताड उघडतो, पोरांना घेऊन अंगणात येतो. मेलबर्नच्या नोव्हेंबरात नेमकं हेच करायचं नसतं.

खरं तर हे सगळं आधीच कळलेलं होतं. मेलबर्ननं १९८७ आणि १९८९ मध्ये असे प्रसंग पाहिले होते. फुटलेल्या परागातून स्टार्चचे कण बाहेर पडतात, हे संशोधक सेंक सुफिओग्लू, ब्रूस नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याच शहरात दाखवून दिलं होतं. १९९४ च्या जूनमध्ये लंडननंही असं वादळ भोगलं. तरीही २०१६ च्या त्या सोमवारी लोकांना सावध करणारी यंत्रणा नव्हती. याला निष्काळजीपणा म्हणायचं की आणखी काही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

[दृश्य: हिवाळ्यातली मुंबई, सकाळ. धुरकट क्षितिज.]

हवेतून छातीत जाणारा परागच नाही, धूरही असतो. त्याची चाल वेगळी. अडीच मायक्रॉनहून बारीक कण स्थिर हवेत सेकंदाला मिलिमीटरभरही खाली उतरत नाहीत. पावसानं धुतलं नाही, तर दिवसचे दिवस तरंगतात. मुंबईत हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असते. त्यामुळे खालची हवा वर चढत नाही आणि धूर तिथेच साचतो. मतलई वारा त्यातला थोडा समुद्रावर नेतो, आणि दुपारचा खारा वारा त्यातलाच काही परत आणतो.

पराग आणि धूर एकमेकांना भेटतातही. रायग्रासचं एक ॲलर्जीकारक प्रथिन डिझेलच्या काजळीला चिकटतं, असं नॉक्स आणि सहकाऱ्यांना १९९७ मध्ये आढळलं. मग गवताचं प्रथिन काजळीच्या कणावर बसून छातीत उतरू शकतं.

[दृश्य: मोबाइलवर हिरवा, नारिंगी, लाल इशारा.]

२०१७ पासून व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, ऑक्टोबर ते डिसेंबर या वादळी दम्याच्या धोक्याचा रोजचा अंदाज मिळतो. नुसता पराग मोजून तो ठरत नाही, वादळी वाऱ्याचा अंदाजही त्यात धरतात. लाल इशारा असला आणि आभाळ भरून आलं, की घरात यायचं, दारं-खिडक्या लावायच्या, बाहेरची हवा आत ओढणारा एसी बंद करायचा. ज्यांना दमा किंवा ‘हे फीव्हर’ आहे, त्यांनी पंप खिशात ठेवायचा.