राबाचं चित्र कुठाय?

डहाणू तालुक्यातला एक पाडा. दाराशी चपलांचा ढीग, आत सतरंजीवर मुलं, आणि मुलांच्या मधोमध एक खोका. खोक्यात चित्रकार्डं आहेत, रंगीत लाकडी मणी आहेत, कापडी बाहुल्या आहेत. शहरात बसून कुणीतरी हा खेळत शिकायचा संच मन लावून तयार केलाय. छापखान्यात जाण्याआधी तो अंगणवाडीत आलाय. आज परीक्षा द्यायची आहे ती या खोक्यानं.

संच आखणारी मंडळी कोपऱ्यात बसलीत. त्यांना एकच ताकीद आहे, तोंड उघडायचं नाही. मूल कार्ड उलटं धरतं तेव्हा हात शिवशिवतात, पण गप्प बसायचं. उद्या हेच खोके गावोगावी जातील, तेव्हा समजावून सांगायला कोपऱ्यात कोण असणार?

पहिली गडबड उजेडाची. कार्डांवर चकचकीत लॅमिनेशन आहे आणि खोलीत उजेड येतो तो दारातूनच. बघा, कडेची पोरं माना वाकड्या करतायत. त्यांना चित्राच्या जागी नुसती चकाकी दिसतेय. वहीत नोंद होते, कागद मॅट हवा.

मण्यांचं प्रकरण जरा गंभीर. ते चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी केलेत. पण मोठी बहीण अंगणवाडीत आली की तिच्या मागोमाग धाकटा भाऊ येतोच, आणि धाकट्याच्या हातातली वस्तू थेट तोंडात जाते. साधारण सव्वा इंच व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही, असा खेळण्यांचा नियम आहे. हे मणी तर त्यात आरामात मावतात. मणी बाद.

आता भाताची गोष्ट. चार कार्डं: पेरणी, लावणी, कापणी आणि ताटातला वाफाळता भात. क्रमानं लावायची. ताई विचारतात, "आधी काय करतात?" एक मुलगी चारही कार्डं उलटीपालटी करून पाहते. मग खोक्यात हात घालते, तळ चाचपते. कोपऱ्यातल्या वहीत लिहिलं जातं, 'क्रम लावता आला नाही.' तेवढ्यात ती ताईंना विचारते, "राबाचं चित्र कुठाय?"

या भागात भाताची सुरुवात पेरणीनं होत नाही. पावसाआधी, उन्हाळ्यात, रोपांच्या जागेवर वाळका पाला, फांद्या, शेण पसरून वर मातीचा थर देतात आणि ते भाजतात. तो राब. या पोरीनं घरच्यांबरोबर पाला वाहिलाय. तिचा क्रम बरोबर होता, संचातच एक कार्ड कमी होतं. वहीतली ओळ खोडली जाते. चाचणीतला सगळा मोलाचा ऐवज अशा खोडलेल्या ओळींतच सापडतो, असं आमचं मत झालंय.

हा भाग या कामाला नवा नाही. याच तालुक्यात, बोर्डीला, १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी शिक्षणपद्धतीची विकतची साधनं गावाला परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, गोटे, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. इतकं सगळं इथं होऊन गेलेलं असताना आपण मणी मात्र शहरातून आणतो!

मण्यांच्या जागी काय? चिंचोके सुचले, पण तेही त्याच नळकांड्यात मावतात. मदतनीस मावशी म्हणाल्या, "आंब्याच्या कोयी घ्या की. धुवायच्या, वाळवायच्या, रंगवायच्या." कोय धाकट्याच्या तोंडात मावत नाही आणि फुकट मिळते. ठरलं.

राबाचं कार्ड चित्रकारानं तिथंच ओसरीवर बसून काढलं. धूर फार काळा झालाय, असं त्याला मुलांनी सुनावलं. तो दुरुस्त होईल.

पुढची चाचणी किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या वस्तीत. तिथं भाताची गोष्ट न्यायची की बांबूच्या वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांची, यावरून गाडीत आत्ताच वाद जुंपलाय.