पहिला रेंजफाइंडर कोणता घ्यावा? फेड-२ आणि ज्युपिटर-८

नमस्कार. हा माझ्या हातात आहे तो फेड-२, जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा. फिल्मकडे नव्याने वळलेले बरेच जण विचारतात, महागडा जर्मन लायका परवडत नाही, मग रेंजफाइंडर, म्हणजे दोन दृश्यं जुळवून फोकस करायचा कॅमेरा, वापरून बघायचा तरी कसा? माझं उत्तर ठरलेलं आहे: हा कॅमेरा, आणि त्याच्यावर ज्युपिटर-८ लेन्स.

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, इथे तसं नाही. पुढच्या बाजूला या दोन खिडक्या दिसतात ना, त्या दोन्हींतून आलेली दृश्यं आत एकमेकांवर पडतात. डोळा लावला की मधोमध एक छोटा भाग दिसतो, त्यात समोरच्या माणसाचा चेहरा दुहेरी दिसतो. लेन्स फिरवत जायचं, दोन चेहरे एकात एक बसले की फोकस झाला. लेन्सचा मागचा भाग बॉडीतली एक दांडी ढकलतो, त्यावर हे सगळं चालतं. सेल नाही, मोटर नाही.

आता मुद्द्याचं. या दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितका फोकस अचूक. फेड-२ मध्ये ते ६७ मिलिमीटर आहे. लोक ज्याच्या मागे धावतात त्या झोर्की-४ या दुसऱ्या सोव्हिएत कॅमेऱ्यात जेमतेम ३८. झोर्कीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, चित्र मोठं दिसतं हे खरं, पण तो फायदा धरूनही फेड पुढेच राहतो. एफ/२ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, मीटरभर अंतरावरच्या चेहऱ्यावर फोकस करून बघा, फरक लगेच कळेल.

हा कॅमेरा युक्रेनमधल्या खार्कीव्हचा. तिथे अनाथ, बेघर मुलांसाठी एक कम्यून होतं, शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को ते चालवत. मुलं तिथे शिकायची आणि कारखान्यात कामही करायची. आधी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रं, आणि १९३४ पासून लायका-२ वर बेतलेला फेड कॅमेरा. फेड-२ आला १९५५ मध्ये, आणि इथे त्यांनी नुसती नक्कल केली नाही. लायकामध्ये फिल्म खालून सरकवावी लागायची, फेड-२ ची पाठ अख्खी निघते. रोल भरताना या एका गोष्टीसाठी मी त्या कारागिरांचे आभार मानतो.

लेन्सची गोष्ट तर याहून मोठी. लुडविग बेर्टेले यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्साइस या जर्मन कंपनीसाठी सोनार नावाची लेन्स रचली. तेव्हा लेन्सवर कोटिंग नव्हतं, काच आणि हवा जिथे भेटतात तिथे प्रत्येक ठिकाणी प्रकाश वाया जायचा. बेर्टेले यांनी सहा काचा तीनच गटांत चिकटवल्या, म्हणजे असे पृष्ठभाग उरले फक्त सहा. महायुद्धानंतर त्साइसची सामग्री सोव्हिएत संघात गेली, आणि तीच रचना ज्युपिटर-८ म्हणून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये बनू लागली. ५० मिलिमीटर, एफ/२. पूर्ण उघडी ठेवलीत तर मध्यभाग स्पष्ट आणि कडा मऊ. पोर्ट्रेटला मला याहून सुंदर स्वस्त लेन्स माहीत नाही. बहुतेक सोव्हिएत लेन्सवर क्रमांकाचे पहिले दोन आकडे वर्ष सांगतात. ५८ असेल तर १९५८.

घेताना काय बघायचं? नावापेक्षा नग बघा. पाठ काढा, लेन्स काढा आणि शटरचा कापडी पडदा उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर सोडून द्या. असा कॅमेरा लेन्सची टोपी न लावता उन्हात ठेवला, की लेन्स सूर्य थेट कापडावर आणते आणि कापड जळतं. मग अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसवर, लेन्स ठेवून लांबचा टॉवर बघा, दुहेरी दिसता कामा नये. लेन्समधून टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे, मुंबई-कोकणात तर विशेष, पावसाळ्यात ती फार लवकर धरते. म्हणून कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे.

आणि एक नियम पाठ करा: आधी फिल्म पुढे घ्या, मगच शटर स्पीड बदला. झोर्की-४ मध्ये उलटं केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते. फेडवरही हीच सवय ठेवा, कारण स्पीडचा आकडा फिल्म पुढे घेतल्यावरच बरोबर वाचता येतो.

जपानी कॅमेरे? याशिका इलेक्ट्रो ३५ ची एफ/१.७ लेन्स अप्रतिम आहे. पण सेल संपला की शटर एकाच वेगावर चालतं, १/५०० सेकंद. कॅनोनेट क्यूएल१७ सेलशिवाय चालतो, फक्त उजेड मोजणारा मीटर बंद पडतो. दोन्हींची लेन्स मात्र बदलता येत नाही. ज्युपिटर उद्या साध्या अडॅप्टरने मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावरही लागते.

फेडमध्ये मीटर नाहीच. पहिला रोल १०० आयएसओचा (हा फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) घ्या, लख्ख उन्हात एफ/१६ आणि १/१००, सावलीत एफ/५.६. प्रत्येक फ्रेमचे आकडे वहीत लिहा. आणि टोपी काढायला विसरू नका: टोपी लावलेली असली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं छान दिसत राहतं.