परत पाठवता न येणारा कचरा

मित्रहो, पत्रिकेत माझा विषय ‘हवामान न्याय’ असा छापला आहे, म्हणजे हवामान बदलाची झळ कुणाला आणि त्याचं देणं कुणाकडे, हा हिशेब. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी एका जहाजाची गोष्ट सांगू द्या. हवामान परिषदांमध्ये छोटे देश इतक्या पोटतिडकीने का बोलतात, ते ही गोष्ट ऐकल्याशिवाय नीट उमगत नाही, असं माझं ठाम मत आहे.

जहाजाचं नाव ‘खियान सी’. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर आपला कचरा भट्ट्यांमध्ये जाळायचं. जाळला म्हणून कचरा संपत नाही. राख उरते, आणि तिच्यात शिसं, कॅडमियम असे विषारी धातू असतात. ही राख आधी शेजारच्या न्यू जर्सी राज्यात जायची. १९८४ मध्ये त्यांनी ती घेणं बंद केलं. ते शेजारी होते, श्रीमंत होते, त्यांचं ‘नको’ लगेच ऐकलं गेलं. मग १९८६ च्या ऑगस्टअखेर सुमारे १४ हजार टन राख भरून हे जहाज बहामाकडे निघालं. बहामाने नकार दिला. पुढे डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, पनामा, थेट आफ्रिकेतलं गिनी-बिसाऊ. कुणीच राख उतरवून घेईना.

गरीब देश पैशांसाठी काहीही पदरात घेतात, असं अनेकांना मनापासून वाटतं. त्यांनी ही नकारांची यादी पुन्हा एकदा वाचावी.

जानेवारी १९८८ मध्ये जहाज हैतीतल्या गोनाइव्हला लागलं. कागदोपत्री माल होता ‘खत’. शेतकऱ्यांच्या देशात खताला कोण अडवणार? किनाऱ्यावर ढीग पडू लागले. सुमारे ४ हजार टन उतरेपर्यंत खरा प्रकार उघडकीला आला आणि सरकारने हुकूम काढला: सगळं परत भरा. जहाज उतरवलेली राख तिथेच टाकून पसार झालं. पुढे त्याने नाव बदललं, ‘फेलिसिया’ झालं, मग ‘पेलिकानो’. नोव्हेंबर १९८८ मध्ये सिंगापूरला पोहोचलं तेव्हा त्यात राखेचा कण नव्हता. उरलेली राख अटलांटिक आणि हिंदी महासागरात ओतली होती, हे पुढे न्यायालयात कप्तानानेच सांगितलं. जहाज चालवणाऱ्या कंपनीच्या दोघा अधिकाऱ्यांना शिक्षा झाली, ती शपथेवर खोटं बोलल्याबद्दल.

आणि गोनाइव्हची राख? ती वर्षानुवर्षं तिथेच पडून. हैतीतल्या लोकांनी तगादा सोडला नाही, म्हणून २००० मध्ये उरलेली राख उचलली गेली. त्यानंतरही ती दोन वर्षं फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर, पडून होती, कारण आता घ्यायला कुणी तयार नव्हतं! शेवटी २००२ मध्ये ती पेनसिल्व्हेनियातल्या कचरा डेपोत पुरली गेली. फिलाडेल्फिया त्याच राज्यात आहे. सोळा वर्षं लागली, पण राख घरी गेली.

ओघाने आलंच आहे तर तेही सांगतो. त्याच १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको गावात इटलीहून आलेल्या विषारी कचऱ्याची हजारो पिंपं एका माणसाच्या अंगणात सापडली. अंगणाचं भाडं होतं महिन्याला सुमारे १०० डॉलर. पिंपात काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अशा प्रकरणांच्या संतापातून १९८९ मध्ये बाझल करार झाला: घेणाऱ्या देशाची लेखी संमती असल्याशिवाय घातक कचरा पाठवायचा नाही. अमेरिकेने त्यावर सही केली, पण आजवर तो मंजूर केलेला नाही. श्रीमंत देशांनी गरीब देशांत असा कचरा पाठवूच नये, ही दुरुस्ती १९९५ ची. ती लागू व्हायला २०१९ उजाडलं. या चोवीस वर्षांवर मी खरं तर तासभर बोलू शकतो...

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, आता मूळ मुद्दा भराभर मांडतो.

कार्बन डायऑक्साइड हीसुद्धा भट्टीतून उरलेली राखच आहे. फरक एवढाच की तिला जहाज लागत नाही. बहामाला बंदर बंद करता आलं, हैतीला ‘परत न्या’ म्हणता आलं. हवेला बंदर नाही. कार्बनचा मोठा हिस्सा शतकानुशतकं वातावरणात राहतो, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या गिरण्यांचा धूर आजही आपल्या डोक्यावर आहे आणि हवा तापवतो आहे. पाकिस्तानचं उत्सर्जन जगाच्या एक टक्क्याच्या आसपास. २०२२ च्या पुरात तिथल्या ३ कोटी ३० लाख लोकांना झळ बसली, १,७०० हून अधिक माणसं गेली. यातल्या कुणाची संमती घेतली होती?

नकाराचा हक्कच उरला नसेल, तर भरपाईचा हक्क तरी हवा. प्रशांत महासागरातल्या वानुआतू या बेटराष्ट्राने छोट्या बेटांच्या वतीने, समुद्रपातळी वाढल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी निधी मागितला १९९१ मध्ये. हवामान बदलाचा फटका बसलेल्या देशांसाठीचा ‘हानी आणि नुकसान’ निधी मान्य झाला २०२२ मध्ये, इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत. एकतीस वर्षं! आणि त्यात पैसे घालणं अजूनही ऐच्छिक आहे. माझं भांडण या ‘ऐच्छिक’पणाशी आहे. गोनाइव्हची राख उचलणं म्हणजे हैतीवर उपकार नव्हते, ते देणं होतं. इथेही तेच.

जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, पुन्हा वानुआतूच्याच पुढाकारामुळे, सल्लादायी मत दिलं: हवामानाचं रक्षण हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाई देणं लागू शकतं. हे मत थेट बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. पण जगभरच्या वकिलांच्या हाती ते आता पडलं आहे, आणि पुढचे खटले त्याच्या आधारे उभे राहतील. किती उत्सर्जनाला किती रक्कम, ती कुणाकडे जमा होणार, सरकारकडे की थेट पूरग्रस्तांकडे, या प्रश्नांवर मला सविस्तर बोलायचं होतं. वेळ संपली आहे. तुम्ही विचारा, मी इथेच आहे.