घरच्यांचा आरोग्य विमा: पैसे नेमके कुठे कापले जातात

(दृश्य: रुग्णालयाची बिलिंग खिडकी. काउंटरवर छापून येणारं लांबलचक बिल.)

बिल १ लाख ४४ हजारांचं. पॉलिसी ३ लाखांची. तरीही घरच्यांना ५२ हजार रुपये खिशातून भरावे लागतात. कंपनीने फसवलं, असं त्या क्षणी वाटतं. पण ही कपात पॉलिसीच्या कागदात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते.

हिशेब असा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आहे: विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. रुग्णाने खोली घेतली ६ हजारांची. चार दिवसांचं भाडं २४ हजार, त्यातले १२ हजार आपण भरू, असा घरच्यांचा अंदाज. मात्र खोलीचा वर्ग वाढला की बहुतेक रुग्णालयांत सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्यांचे दर वाढतात. म्हणून कंपनी हे खर्चही त्याच प्रमाणात कापते. खोली दुप्पट भाड्याची, तर मंजुरी निम्मी. या बिलात असे खर्च ८० हजारांचे होते, त्यातले ४० हजार गेले. खोलीचे १२ आणि हे ४०, झाले ५२ हजार. उरलेले ४० हजार औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे होते. त्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या दरालाही नाही.

त्यामुळे दोन पॉलिसींची तुलना करताना हप्त्याच्या आधी खोलीभाड्याची ओळ वाचायची. स्वस्त पॉलिसी बऱ्याचदा इथेच स्वस्त झालेली असते.

(दृश्य: रेशनकार्ड, आधार कार्ड. रुग्णालयातलं आरोग्यमित्राचं टेबल.)

खरं तर एजंटला फोन लावण्याआधी घरातलं रेशनकार्ड काढायला हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि पांढरं रेशनकार्ड असलेलं कुटुंबही त्यात बसतं. ही गोष्ट मध्यमवर्गीय घरांत अजून पुरेशी पोचलेली नाही. अट एवढीच की उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेशी जोडलेलं हवं. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटायचं किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारायचं. अडतं ते बहुधा कागदावर: नव्या सुनेचं किंवा लहान मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नसतं. ते काम आज, सगळे धडधाकट असताना करून ठेवायचं.

घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी असेल, तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून सरकारी खर्चाने उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आधारवरून नोंदणी होते. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख. आणि ज्यांचा पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत आहे, त्यांनी पगारपत्रकात ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, ०.७५ टक्के कपात दिसते का ते बघावं. दिसत असेल, तर घरच्यांच्या उपचारांचा हक्क आधीच हातात आहे.

हे सगळं तपासून झालं की मग खासगी पॉलिसी. कारण आपल्याला हवं ते रुग्णालय सरकारी योजनेत असेलच असं नाही.

(दृश्य: कागदावर हाताने काढलेला तक्ता. वय ३८, ३५, ९, ५. खाली वेगळ्या रेघेत ७१ आणि ६४.)

समजा नाशिकचं सहा जणांचं कुटुंब आहे. एजंट सुचवेल, सगळ्यांची मिळून एकच फ्लोटर पॉलिसी घ्या, म्हणजे विमा रक्कम सगळ्यांत सामायिक. ती महाग पडते. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. आजोबा ७१ वर्षांचे, म्हणजे पाच वर्षांच्या नातवाचा हिशेबही त्याच वयोगटात सुरू होतो. शिवाय आजोबांच्या एका मोठ्या आजारपणात विमा रक्कम संपली, की बाकीचे पाच जण वर्षभर उघडे. म्हणून नवरा, बायको आणि मुलं यांची एक फ्लोटर, आणि आईवडिलांची सोय वेगळी. ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी, सल्लामसलत करावी लागते. हा नियम जानेवारी २०२५ चा.

बजेट अगदी तुटपुंजं असेल तर ‘आरोग्य संजीवनी’ पाहावी. नियामकाने २०२० मध्ये आखून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी. मसुदा एकच, हप्ता मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे तुलना सोपी. खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला कमाल ५ हजार. प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपल्या खिशातून. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे जास्तीत जास्त ४० हजार. जिल्ह्याच्या गावी हे पुरू शकतं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ५ हजारांत खोली मिळणं अवघड.

संरक्षण वाढवायचा स्वस्त मार्ग म्हणजे सुपर टॉप-अप. मूळ पॉलिसी ५ लाखांची, त्यावर ५ लाखांच्या वजावटीचा १५ लाखांचा सुपर टॉप-अप. पहिले ५ लाख ही कंपनी देत नाही, म्हणूनच हप्ता कमी. ‘सुपर’ हा शब्द इथे शोभेचा नाही. वर्षात ४-४ लाखांची दोन आजारपणं आली, तर साधा टॉप-अप काहीच देणार नाही, कारण तो प्रत्येक बिल वेगळं मोजतो आणि एकही बिल ५ लाखांच्या वर गेलेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो: ८ लाखांतले ५ मूळ पॉलिसीतून, वरचे ३ यातून.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. २० हजारांच्या हप्त्याला आधी २३ हजार ६०० मोजावे लागत.

(दृश्य: प्रस्ताव अर्ज. ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यावर पेन.)

क्लेम फेटाळला जातो तो बऱ्याचदा या रकान्यामुळे. बीपीची गोळी सुरू आहे, पण एजंट म्हणतो, “लिहू नका, हप्ता वाढेल.” दोन वर्षांनी रुग्ण दाखल होतो. ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, बीपी कधीपासून? घरचे खरं सांगतात, दहा वर्षांपासून. ते केसपेपरवर चढतं, डिस्चार्ज कार्डावर येतं आणि कंपनीच्या हाती पडतं. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. आजार सांगितला असता तर काय झालं असतं? हप्ता थोडा वाढला असता, आणि त्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागलं असतं. २०२४ पर्यंत ही मर्यादा ४८ महिने होती. पॉलिसी सलग ६० महिने चालली, की त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही.

सलग म्हणजे खरोखर सलग. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात भरला तर आधी काढलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही, पण मधल्या दिवसांतल्या आजारपणाला संरक्षण नाही. कंपनी बदलायची असेल तर पॉलिसी सोडून नवी घेऊ नये, पोर्ट करावी, म्हणजे काढलेल्या प्रतीक्षा काळासह दुसऱ्या कंपनीकडे न्यावी. अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी. आणि पॉलिसी हातात आली की ग्राहक माहिती पत्रक वाचावं. अटी पटल्या नाहीत तर ३० दिवसांत ती परत करता येते.

(दृश्य: कॅशलेसचा अर्ज, टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची, खिडकी.)

शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर निदान ४८ तास अगोदर कळवावं. कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरण्याच्या, विनंतीवर कंपनीने एका तासात, आणि डिस्चार्जच्या अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीच्या माथी. हातमोजे, मास्क अशा किरकोळ वस्तू मात्र बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या असतात. तसंच नुसत्या तपासण्यांसाठी दाखल होऊन क्लेम मिळत नाही.

क्लेम नाकारला तर नकार लेखी घ्यायचा, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारला त्यासह. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसेल, तर त्याला ग्राहक आयोगाकडे जाता येतं.